छोटीची मोठी गोधडी करताना दर वेळी माप का चुकतं आणि चूक कुठे पकडायची

बाळासाठी भिंगरीची गोधडी शिवली, सुरेख झाली. मग तोच नमुना पलंगासाठी मोठा केला आणि सगळं बिघडलं. वरचा भाग अस्तरापेक्षा मोठा झाला, कडा लाटा मारायला लागल्या, मधात पोट आलं. ही तक्रार आमच्याकडे दर उन्हाळ्यात ऐकू येते. कापसाचा शेवटचा वेचा झाला की मृग लागायच्या आत बायांना थोडी उसंत मिळते. त्या दीड-दोन महिन्यांत गावातल्या निम्म्या ओसऱ्यांवर गोधड्या अंथरलेल्या दिसतात. कोणी वाकय म्हणतं, कोणी गोदडी, काम तेच.

मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझ्या पहिल्या तिन्ही मोठ्या गोधड्या बिघडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी. नंतर एकेक कारण शोधत गेले तेव्हा कळलं की यातल्या बहुतेक चुका मी बाळाच्या गोधडीतही केल्या होत्या. ३२ इंचांत इंचभर फरक पडला तर कोणी बघत नाही, बाळाला तर नाहीच कळत. तीच चूक ८४ इंचांवर गेली की अडीच-तीन इंचांची होते, आणि मग ती झाकायला जागा उरत नाही. म्हणून खाली कारणं त्याच क्रमाने लिहिते आहे ज्या क्रमाने ती कामात येतात. तुमची गोधडी कुठे अडली असेल तिथून वाचलं तरी चालेल, पण एकदा सुरुवातीपासून वाचा, कारण कडेला दिसणारी चूक पुष्कळदा कापतानाच झालेली असते.

उदाहरण म्हणून माझीच गोधडी घेते. बाळाची गोधडी ३२ बाय ४० इंच. त्यात ८ इंचांच्या भिंगऱ्या, आडव्या ४ आणि उभ्या ५, एकूण २०. एका भिंगरीत ४ इंचांचे चार चौकोन, आणि प्रत्येक चौकोन एका फिक्या व एका गडद त्रिकोणाचा. चार चौकोन फिरवून लावले की पोरं पळताना हातात धरतात त्या कागदी भिंगरीसारखी नक्षी दिसते.

पलंग आधी मोजा, नमुना नंतर

आमचा पलंग ५ फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे ६० बाय ७८ इंच. दोन्ही बाजूंना १०-१० इंच लोंबायला हवं, म्हणजे रुंदी ८०. पायथ्याला १० इंच आणि उशीखाली दडपायला ४, म्हणजे लांबी ९२. हे झालं शिवून, टाके घालून तयार झालेल्या गोधडीचं माप. धावदोरा घातला की गोधडी आटते. माझ्या हाताने १०० इंचाला साडेतीन ते चार इंच आटते. कोणी दोरा जास्त ओढतं, त्याची पाच इंचही आटेल. आपला हात किती आटवतो हे कळायला २० बाय २० इंचाचा एक तुकडा तितक्याच थरांचा करून, टाके घालून मोजायचा. माझा १९ इंच २ सूत भरला, इंचाचे आठ सूत धरून. तो तुकडा वाया जात नाही, आमच्याकडे देवापुढचं आसन म्हणून वापरतो.

या हिशोबाने टाके घालायच्या आधी ८४ बाय ९६ हवं होतं, आणि आटून ते साधारण ८१ बाय ९२ होणार होतं. १२ इंचांच्या भिंगऱ्या केल्या तर आडव्या ७ आणि उभ्या ८ बसतात. मी हाच आकडा धरला.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बाळाच्या गोधडीचं प्रमाण चारास पाच आहे, पलंगाचं तसं नाही. नुसतं सगळं दीडपट, अडीचपट करत गेलात तर एक बाजू बसते आणि दुसरी कमी-जास्त होते. भिंगरी मोठी करायची आणि ओळींची संख्याही बदलायची, दोन्ही करावं लागतं. फिकी-गडद भिंगरी आलटून पालटून लावणार असाल आणि चारही कोपरे सारखे हवे असतील तर आडव्या आणि उभ्या दोन्ही ओळी विषम ठेवा.

आणि सामान आणताना लांबी-रुंदीवर जाऊ नका. ३२ चे ८४ म्हणजे अडीचपटीहून थोडं जास्त, ४० चे ९६ म्हणजे अडीचपटीला थोडं कमी. पण कापड, दोरा आणि दिवस लागतात ते सव्वासहा पट. इंचभर अंतराने रांगा घातल्या तर बाळाच्या गोधडीत ३२-३३ मीटर टाके होतात, या मोठीत २०५ मीटर. टाका वर-खाली जातो, गाठींना लागतो, म्हणून अडीचशे मीटर दोरा धरायचा, दुहेरी ओवणार असाल तर पाचशे. रीळ एकाच वेळी आणून ठेवा. मधात संपलं आणि पुढच्या बाजाराला त्याच रंगाचं मिळालं नाही, हे माझ्यासोबत दोनदा झालं आहे.

भिंगरी मोठीच येते किंवा लहानच येते

सगळ्यात जास्त गोधड्या इथेच बिघडतात, आणि कारण एकच असतं. आपण कापायच्या मापाला गुणतो.

बाळाच्या गोधडीत ४ इंचांचा चौकोन दोन त्रिकोणांचा करायला मी ४ इंच ७ सुतांचा चौकोन कापून तिरका चिरला होता. इंचाचे आठ सूत. सुतार आणि जुने शिंपी असंच मोजतात, आणि हे माप आपल्या कामाला फार सोयीचं आहे. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर कडेला राहणारं कापड, मी २ सूत ठेवते. साध्या चौकोनाला दोन्ही बाजूंचे मिळून ४ सूत वाढवले की झालं. त्रिकोणाचं तसं नाही. तिरकी शिवण कोपऱ्यातून जास्त कापड खाते, म्हणून त्याला ७ सूत वाढवावे लागतात. हे ७ सूत फक्त शिवणीसाठी आहेत. भिंगरी लहान असो की मोठी, शिवण तेवढीच असते, म्हणून हे ७ सूतही तेवढेच राहतात.

मी काय केलं? दीडपट करायचं म्हणून ४ इंच ७ सुतांचेच दीडपट केले. ७ इंच अडीच सूत आले, आणि तेवढे चौकोन कापले. खरं माप काय हवं होतं? तयार चौकोन ४ इंचांचा, त्याचे दीडपट ६, त्यात ७ सूत, म्हणजे ६ इंच ७ सूत. माझा प्रत्येक तुकडा साडेतीन सूत जास्त होता. अर्ध्या इंचापेक्षाही कमी! हातात धरून कोणाला दिसलंही नसतं. पण एका भिंगरीत आडवे दोन चौकोन, म्हणजे भिंगरी १२ च्या जागी १२ इंच ७ सूत. अशा सात लावल्या तर ८४ च्या जागी ९०. अस्तर मी ८४ च्या हिशोबाने, दोन्ही बाजूंना अडीच इंच जास्तीचं धरून, ८९ इंच रुंद जोडून ठेवलं होतं. वरचा भाग अस्तरापेक्षा एक इंच रुंद झाला. धाकट्या दिराच्या लग्नाला नऊ दिवस होते.

तेव्हा कागदावर तीन आकडे लिहून ठेवायची सवय लावा: तयार तुकडा किती, त्याची पट किती, आणि शेवटी माया किती. गुणाकार पहिल्या दोनांचाच, माया शेवटी. हाताने शिवणाऱ्या पुष्कळ जणी २ ऐवजी ४ सूत माया ठेवतात, कारण जुनं कापड उसवतं. त्यांनी साध्या चौकोनाला १ इंच आणि त्रिकोणाच्या चौकोनाला पावणेदोन इंच वाढवावे.

याच्या उलट चूकही होते. काही जणी तयार मापाला बरोबर गुणतात आणि माया घालायलाच विसरतात, मग भिंगरी पावणेदोन-पावणेदोन इंचांनी लहान येते आणि टोकं शिवणीत गडप होतात. भिंगरीची टोकं बोथट दिसत असतील तर कारण हेच, किंवा मग शिवण जाड जाते आहे.

माप बरोबर कापलं, तरी ओळ कमी भरते

इथे शिवण तपासायची. आधी चारच भिंगऱ्या शिवा, एका ओळीत जोडा, इस्त्री फिरवा आणि मोजा. ४८ इंच ४ सूत भरल्या पाहिजेत. ४ सूत बाहेरच्या दोन बाजूंच्या मायेचे. साडेसत्तेचाळीस भरल्या तर प्रत्येक शिवण साधारण अर्ध्या सुताने जाड जाते आहे. अर्धं सूत म्हणजे जाड दोऱ्याच्या रुंदीएवढं, पण पूर्ण ओळीत ते पावणेदोन-दोन इंच खाऊन टाकतं. चार भिंगऱ्या उसवणं सोपं आहे, छप्पन्न नाही.

मशीनवर शिवत असाल तर सुईपासून बरोबर २ सुतांवर मशीनच्या पट्टीवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी दोन-तीन थर लावा. कापडाची कड तिला टेकवून सरकवत गेलं की शिवण हलत नाही. नजरेने शिवण सरळ जाते असं आपल्याला वाटतं, पण दुपारी तीनच्या उकाड्यात, हाताला घाम असताना ती नजर सकाळसारखी राहत नाही. मी तर वैशाखात जोडणीचं काम सकाळी दहाच्या आत संपवते.

तुकडे ताणले जातात, कोपरे जुळत नाहीत

कापड उभ्या धाग्यात ओढा, लांबत नाही. आडव्या धाग्यात थोडं लांबतं. तिरकं ओढा, रबरासारखं लांबतं. ही उरेब बाजू. ब्लाऊजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याचसाठी. त्रिकोणाची तिरकी बाजू ही उरेबच असते. ४ इंचांच्या तुकड्यात ती लहान असते, म्हणून सांभाळली जाते. ६ इंचांच्या तुकड्यात तिरकी बाजू साडेआठ इंचांच्या घरात जाते. इस्त्री घासली की ती ताणली जाते आणि चौकोनाचा पतंग होतो.

याला एक उपाय आहे, आणि मला तो कळला तेव्हापासून मी दुसरं काही करत नाही. त्रिकोण कापायचेच नाहीत. फिका आणि गडद असे दोन चौकोन एकावर एक ठेवायचे, सुलट बाजू आत. वरच्यावर खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना २-२ सुतांवर शिवण घालायची आणि मग रेघेवर कापायचं. दोन तयार चौकोन हातात येतात, आणि उरेब कड शिवली गेल्यावरच मोकळी होते. मी चौकोन ६ इंच ७ सुतांऐवजी सरळ ७ इंचांचे कापते आणि शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा साडेसहा इंचांवर छाटते. साडेसहा म्हणजे तयार ६ आणि माया ४ सूत. छाटायला पुठ्ठ्याचा नाही, पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा साचा घ्या. पुठ्ठ्याच्या कडा दोनशे वेळा खडू फिरवल्यावर झिजतात.

इस्त्री घासू नका, वरून ठेवा आणि उचला.

५६ भिंगऱ्यांना २२४ चौकोन लागतात, म्हणजे ११२ फिके आणि ११२ गडद तुकडे. जुन्या सहावारीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच धरला तर आडवे ६ बसतात. १९ ओळी लागतात, म्हणजे १३३ इंच. सहावारी २१६ इंचांची असते, तेव्हा पुढच्या मांडीचा विरलेला भाग टाकून दिला तरी फिक्या रंगाला एक सुती लुगडं पुरतं. विरलेलं कापड मोह धरून वापरू नका. सूर्यासमोर धरा. जिथून उजेड जाळीसारखा दिसतो तिथलं कापड आतल्या थरात चालेल, वर नको.

एकाच वितीने मोजा

आमच्या सासूबाईंकडे टेप कधीच नव्हता. वीत, हात आणि बोटं. दोन विती म्हणजे एक हात, एक हात म्हणजे १८ इंच, असं आपण म्हणतो. त्यांची वीत भरते आठ इंच, माझी साडेआठ. बाळाची गोधडी चार वितींची, त्यात दोन इंचांचा फरक. दहा वितींच्या गोधडीत पाच इंच. मी एकदा त्यांनी सांगितलेल्या वितींवर अस्तर कापलं आणि वरचा भाग त्यांनी मोजला. त्यांनी दोन्ही पसरून बघितलं आणि म्हणाल्या, “माह्या इतीनं मोजलं अन् तुह्या इतीनं कापलं, मंग कसं बसन वं माय?”

वीत वाईट नाही. त्यांची कुठलीही गोधडी वाकडी नाही, कारण सगळं त्यांच्याच हाताचं. मोठ्या कामात दोन-चार जणी बसतात, तिथे टेप किंवा गाठी मारलेली एकच सुतळी फिरवा. टेपही एकच. जुना कापडी टेप ताणून लांबतो, तो लोखंडी टेपाला लावून एकदा बघा.

चौकोनी दिसते, पण आहे का?

सगळ्या ओळी जोडल्यावर, कडेची पट्टी लावायच्या आधी, अंगणात सारवलेल्या जागी पसरा. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून धरा, तिला गाठ मारा, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरा. गाठ कोपऱ्यावरच आली तर गोधडी काटकोनात आहे. गवंडी घराचा पाया आखताना हेच करतो. ८४ बाय ९६ ला ही सुतळी १२७ इंच ४ सूत भरते. इंचभर फरक चालतो. तीन इंच असेल तर एखाद्या ओळीत शिवण तिरकी गेली आहे. ती शोधायला प्रत्येक आडव्या ओळीची दोन्ही टोकांची उंची मोजा, एकीत फरक सापडतोच.

कडा लाटा मारतात

ही चूक जवळपास सगळ्याच जणी करतात, मीही केली. लांब पट्टी घेतली, कडेला टेकवली, शिवत गेले, आणि शेवटी उरलेली कापून टाकली. मशीन खालचं कापड ओढते आणि वरचं थोडं मागे राहतं. त्यामुळे पट्टी खालच्या बाजूला असली की ९६ इंचांच्या कडेवर ९८ इंचांची पट्टी बसून जाते. ती जास्तीची दोन इंच जातील कुठे? तीच लाट.

पट्टी शिवायच्या आधी मापाने कापा. आणि माप कडेवर घेऊ नका, कारण कड हाताळून ताणलेली असते. गोधडीच्या मधातून मोजा, मग दोन्ही बाजूंना कडेपासून फूटभर आत मोजा. तिन्ही मापांची सरासरी घ्या आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तेवढ्याच कापा. पट्टीचा मध्य आणि गोधडीचा मध्य जुळवून टाचणी लावा, मग पाव-पाव भागावर, मग टोकांना. कड पट्टीपेक्षा थोडी लांब भरली तर ती कड खाली ठेवून शिवा, मशीन ती आपोआप सामावून घेते. आधी लांबीच्या दोन पट्ट्या, मग रुंदीच्या.

लाटा आलेली गोधडी आधीच हातात असेल तर पट्टी उसवावी लागेल. ओली करून इस्त्रीने दाबल्याने लाट बसल्यासारखी दिसते, पहिल्या धुण्यात परत येते.

अस्तर तीन इंच कमी

९६ इंच लांब गोधडीला अस्तर दोन्ही टोकांना ४-४ इंच जास्त हवं, म्हणजे १०४. सहावारी २१६ इंच, मधात कापली की १०८ च्या दोन लांब्या मिळतात. लांबीला सुंदर बसतं. रुंदीला हवे ९२ आणि दोन पन्हे जोडून मिळतात शिवण वजा जाता ८९. हे तीन इंच दर वेळी कमी पडतात, आणि मग कोणी वरचा भाग ओढून बसवतं, कोणी ४ ऐवजी २ इंचांवर भागवतं. टाके घालताना अस्तर आत सरकतं आणि कडेला उघडं पडतं.

दोन पन्ह्यांच्या मधात दुसऱ्या लुगड्याची ५ इंचांची लांब पट्टी घाला. जाड जरीचा काठ असेल तर तो आधी काढून टाका, त्यातून सुई जात नाही आणि बोटं सोलतात. किंवा घरात जुनं नऊवारी असेल तर प्रश्नच नाही. ९ वार म्हणजे ३२४ इंच, बरोबर १०८ च्या तीन लांब्या. एक अख्खी मधात ठेवा आणि बाकीच्या दोन्ही थोड्या छाटून बाजूंना लावा. मधोमध शिवण आली की गोधडी नेहमी तिथेच घडी पडते आणि तिथूनच आधी फाटते. मधली लांबी अख्खी ठेवल्याने ते टळतं.

मधात पोट येतं

हे मोठ्या गोधडीचं खास दुखणं आहे. आपल्याकडे पुष्कळ जणी कडेपासून टाके सुरू करतात, चौकोनाच्या आत चौकोन घालत मधाकडे येतात. बाळाच्या गोधडीत हे छान जमतं, कारण हात सगळीकडे पोचतो, सुरकुती पुढे ढकलत नेली तरी थोडीच असते. ८४ इंचांत ती ढकलत ढकलत मधात जमा होते, आणि शेवटचे दोन हात उरले की दिसतं, वरचं कापड तंबूसारखं उभं राहिलं आहे. माझ्या दुसऱ्या गोधडीत असंच झालं. शेजारच्या काकू बघायला आल्या, पोटावर हात ठेवून म्हणाल्या, “कापू नका बाई. आंधी उसवा.”

त्यांचंच बरोबर होतं. पोट कापून चुणी शिवली तर वरच्या भिंगऱ्या तुटतात आणि ती चुणी अंगाखाली टोचते. दोन हात भरतील एवढ्या रांगा उसवल्या, सगळं पुन्हा पसरलं, आणि मग सुरकुती बाहेर काढली.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून कच्चा टाका घातल्याशिवाय पक्क्या टाक्याला हात लावू नका. अस्तर उलटं अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवून ताठ करा, पण ताणू नका. त्यावर एकेक थर ठेवताना मधातून कडेकडे तळहाताने फिरवा. प्रत्येक थर ठेवल्यावर फिरवायचं, सगळे ठेवून झाल्यावर एकदा नाही. मग मोठ्या सुईने, पांढऱ्या दोऱ्याने, मधापासून सुरू करून एक वीत अंतरावर कच्चे टाके, आधी आडवे, मग उभे. माझी एक पूर्ण सकाळ यात जाते. त्यानंतर कडेकडून शिवा की मधाकडून, थर हलत नाहीत. माझं मत विचाराल तर मोठी गोधडी मधातूनच सुरू करावी.

चार जणी चार बाजूंना बसत असाल तर रोज जागा बदला. एकीचा हात गच्च, एकीचा सैल. पंधरा दिवस ती एकाच बाजूला बसली तर ती बाजू दोन-तीन इंच आटलेली दिसते आणि आधी काटकोनात असलेली गोधडी तिरकी होते. जागा बदलली की सगळ्यांचा हात सगळीकडे सारखा वाटला जातो. आमच्याकडे ज्या दोघी आत्याबाई खूप घट्ट टाका घालतात, त्या समोरासमोर बसतात.

पहिल्या धुण्यात आकसली

जुनं लुगडं शंभर वेळा धुतलेलं असतं, ते आता आटत नाही. नवं मांजरपाट आटतं, शिवाय त्यात खळ असते. खाली नवं अस्तर आणि वर जुनं कापड असेल तर पहिल्या धुण्यात अस्तर आत जातं आणि वरचा भाग चुण्यांनी भरतो. नवं कापड रात्रभर भिजत घाला, पिळा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. लाल आणि गडद निळं कापड वेगळं भिजवा. पाणी रंगीत निघालं तर ते थांबेपर्यंत पाणी बदला. टेरिकॉटचे तुकडे सुतीत मिसळू नका, ते आटत नाहीत आणि उन्हात गरमही लागतात.

थरांचाही विचार करा. एक सुती लुगडं आमच्या काट्यावर अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, आणि या मोठ्या मापात एक थर म्हणजे जवळपास एक लुगडं. पाच थर म्हणजे कोरडी गोधडीच अडीच किलो. अरुणावती नदीवर नेऊन धुतली आणि पिळायला दोघी लागल्या की ओल्या वजनानेच टाके तुटतात. बाळाच्या गोधडीचे थर मोजून तेवढेच मोठीला घालायचे असं काही नाही. मी अस्तर, दोन थर आणि वरचा भाग असे चारच ठेवते. आपल्याकडच्या थंडीला ते पुरतात. आणि ओली गोधडी एका दोरीवर टाकू नका, दोन दोऱ्यांवर पसरा किंवा स्वच्छ कुंपणावर घाला, म्हणजे वजन वाटलं जातं.

आधीच मोठी शिवून झाली असेल तर

दिराच्या लग्नाची ती ९० इंचांची गोधडी मी वाचवली ती एक उभी ओळ काढून. कडेची आठ भिंगऱ्यांची ओळ उसवली. सहा उभ्या ओळी उरल्या, रुंदी सव्वासत्त्याहत्तर इंच झाली, आणि ८९ चं अस्तर दोन्ही बाजूंना पावणेसहा इंच जास्त भरलं. लांबी १०३ होती आणि अस्तर १०८, दोन्ही टोकांना अडीच-अडीच इंचच उरले, पण कच्चे टाके जवळ घातल्याने भागलं. टाके घालून ती ७४ भरली, पलंगाच्या दोन्ही बाजूंना सात-सात इंच लोंबते. लग्नाच्या आदल्या रात्री दीड वाजता शेवटची गाठ मारली, चार जणी होतो.

काढलेल्या आठ भिंगऱ्या वर्षभर ट्रंकेत होत्या. त्यातल्या सहा दोन-दोन करून जोडल्या, २६ बाय ३९ इंच झालं, आणि दिराच्या पोरीला बारशाला तीच गोधडी दिली. उरलेल्या दोघींचा तिच्या उशीला अभ्रा केला.